शिकणारा हजर, शिकवणारा गैरहजर

वाचकाचे पत्र: "मी 48 वर्षांचा असून नाशिकच्या सिडकोत राहतो आणि सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली तेव्हापासून, म्हणजे तीन-चार वर्षे, तिची गिटार कपाटामागे पडून होती. आठ महिन्यांपूर्वी ती बाहेर काढली आणि मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकायला बसलो. लहानपणी थोडी पेटी शिकलो होतो, आजही आमच्या भजनी मंडळात टाळ धरतो. आतापर्यंत वीस-बावीस कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरांचे गट) पाठ झाल्या; पण एकही गाणे सलग वाजत नाही. एफ ही कॉर्ड तर बसतच नाही. बोटे दुखतात, तारा खरखरतात, व्हिडिओबरोबर गायला गेलो तर आवाज पोहोचत नाही. मंडळातले विचारतात, 'बुवा, भजनात गिटार?' घरचे म्हणतात, 'या वयात बोटे वळायची नाहीत.' शिकवणी लावावी, नवी गिटार घ्यावी की हा नाद सोडावा? आणखी एक अडचण अशी, की दुसरी पाळी करून आल्यावर रात्री वाजवायला बसलो, की घरच्यांची झोपमोड होते."

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. काय काय पाठ झाले ते तुम्ही लिहिले आहे. पण कोणत्या कॉर्डवरून कोणत्या कॉर्डवर जाताना हात अडतो, सहांपैकी कोणती तार खरखरते आणि दुखते ते बोटाचे टोक की मनगट, याबद्दल पत्रात एक अक्षरही नाही. शिकवणीला बसला असतात तर हे तुम्हाला सांगावेच लागले नसते, कारण समोरच्या माणसाने ते पाच मिनिटांत ओळखले असते. जो आपले आपण शिकतो, त्याला विद्यार्थ्याचे आणि शिक्षकाचे अशी दोन्ही कामे करावी लागतात. त्यांपैकी पहिले तुम्ही आठ महिने निष्ठेने केले आहे आणि दुसऱ्याला कोणी हातच लावलेला नाही. म्हणून नाद सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. मी लिहिणार आहे ते मुख्यतः या दुसऱ्या कामाविषयी.

चांगला शिक्षक विद्यार्थ्याच्या हाताला नावे ठेवण्याआधी त्याची गिटार स्वतःच्या हातात घेऊन पाहतो. तुमच्या बाबतीत तर हे आधी व्हायला हवे होते. सहा पोलादी तारा सुरात मिळवलेल्या असतात तेव्हा त्यांचा एकत्रित ताण साधारण 70 किलोच्या घरात जातो, म्हणजे सिमेंटच्या भरलेल्या गोणीहून अधिक. हा ताण सोसत एखादे हलके लाकडी वाद्य तीन-चार उन्हाळे आणि तितकेच पावसाळे कपाटामागे उभे राहिले, तर त्याची मान किंचित वाकते, पोट थोडे फुगते आणि तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला, म्हणजे फ्रेटला, मी सतारीतला 'पडदा' हाच शब्द वापरतो.) तार जितकी उंच, तितके बोटाला जास्त दाबावे लागते, आणि दोष मात्र वयाला दिला जातो.

तुम्ही टूलरूममधले आहात, तेव्हा मोजमाप कसे घ्यायचे हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. फक्त कुठे घ्यायचे ते सांगतो. गिटार नीट मिळवून घ्या. मग सर्वांत जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे पेटाऱ्याला मिळते त्या पडद्यावर, अशी दोन्हीकडे एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या पडद्याजवळ तार व पडदा यांच्यामध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. तिथे 0.2 ते 0.3 मिलिमीटर फट असेल तर मान ठीक आहे. फट याहून बरीच जास्त असेल तर मानेचा बाक कमी-जास्त करणारा, तिच्या आतला लोखंडी ट्रस रॉड फिरवावा लागेल. ते काम तुमच्या हाताला जड नाही, पण पहिल्या वेळी ते वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या, कारण तो रॉड आवळताना किती सोसेल याचा अंदाज लोखंडावरून नव्हे, लाकडावरून घ्यावा लागतो. त्यानंतर तारा मोकळ्या सोडून बाराव्या पडद्यावर तारेच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजा. जाड तारेखाली साधारण अडीच आणि पातळ तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास उंची असावी. तुमच्या वर्णनावरून मला ती चारच्या पुढे निघेल असे वाटते.

तसे निघाले, तर पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजवर जी पांढरी पट्टी असते, म्हणजे सॅडल, ती तारा सैल करून बाहेर काढा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. त्यामुळे तिथे एक मिलिमीटर उंची कमी करायची असेल तर पट्टी दोन मिलिमीटरने उतरवावी लागते. पट्टीच्या खालच्या अंगाला पेन्सिलने रेघ मारा, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर ती उभी धरा आणि अर्धा-अर्धा मिलिमीटर घासत, दर वेळी पुन्हा बसवून पाहत पुढे जा. बूड काटकोनात राहिले पाहिजे, हे तुम्हाला सांगणे म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवण्यासारखे आहे. पट्टीत तेवढी उंचीच शिल्लक नसेल, तर दोष मानेच्या सांध्यात आहे असे समजावे आणि तेव्हाच नव्या गिटारचा विचार करावा. तारा मात्र आजच बदला. चार वर्षांच्या गंजलेल्या तारा बोटेही सोलतात आणि सुरातही राहत नाहीत. 10 ते 47 या मापाचा एक्स्ट्रा लाइट संच मागा. त्याने दाब लक्षात येईल इतका हलका होतो.

एफ बसत नाही याचेही निम्मे कारण मला वाद्यातच दिसते. एफमध्ये तर्जनीने पहिल्या पडद्यावर सहाही तारा आडव्या दाबाव्या लागतात, आणि मानेच्या टोकाशी ज्या खाचांमधून तारा जातात, तो नट जवळ असल्यामुळे तिथे तार सर्वांत ताठ लागते. खाचा उथळ असतील तर भल्याभल्यांची एफ खरखरते. पडताळा सोपा आहे: हीच बोटे, हीच रचना तशीच उचलून पाचव्या पडद्यावर न्या. तिथे ती ए मेजर होते. तिथे ती स्वच्छ वाजली आणि पहिल्या पडद्यावर वाजली नाही, तर तुमचा हात निर्दोष आहे आणि नटच्या खाचा खोल करून घ्यायला हव्यात. पुढचे तीन महिने एफला हात लावू नका, असेच मी म्हणेन.

आता हाताकडे वळू. बोटाच्या टोकाचे दुखणे हे दुखणे मानू नका. रोज थोडे वाजवले तर दोन ते चार आठवड्यांत तिथली कातडी घट्ट होते. मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी किंवा सांध्यात कळ आली, तर मात्र त्याच क्षणी गिटार खाली ठेवायची. तुमच्यासारख्या, हातात ताकद असलेल्या माणसाकडून एक चूक हमखास होते, ती म्हणजे गरजेपेक्षा दुप्पट दाब देणे. त्यासाठी हा प्रयोग करा. कोणत्याही तारेवर पडद्याला अगदी लागून, त्याच्या मागच्या बाजूला, बोट नुसते टेकवा आणि उजव्या हाताने तार छेडत राहा. आधी नुसता टक् टक् असा मुका आवाज येईल. दाब अगदी हळूहळू वाढवत न्या. मुक्याची खरखर होईल आणि मग एका क्षणी सूर स्वच्छ उमटेल. तेवढाच दाब लागतो. दोन पडद्यांच्या मधोमध बोट ठेवले तर याहून बराच जास्त लागतो, आणि नवशिके नेमके तिथेच बोट ठेवतात. थंडीत, निफाडकडून गार वारा येतो त्या दिवसांत, सुरुवातीला हात चोळून ऊब आणा. आंघोळीनंतर लगेच वाजवू नका, कारण भिजून मऊ झालेली कातडी तारेने चटकन कापते.

बावीस कॉर्डचे काय करायचे? आपल्याकडचा द्राक्षबागायतदार ऑक्टोबरात छाटणी करतो, तेव्हा डोळ्यांदेखत हिरव्या काड्या उतरवतो. जीव गुंतला म्हणून सगळ्या ठेवल्या तर पाने भरपूर येतील आणि घड येणार नाहीत. तुमच्याही कॉर्ड तशाच छाटा आणि सी, जी, ए मायनर, ई मायनर या चारच ठेवा. एखादी कॉर्ड 'येते' याचा अर्थ तिचे बोट कुठे पडते ते माहीत आहे, एवढाच नसतो; आधीच्या कॉर्डवरून तिच्यावर वेळेत पोहोचता आले, तरच ती आली.

यातली एक जोडी जवळून पाहू. सर्वांत पातळ तार पहिली धरा. ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आणि अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर असते. सीमध्ये तर्जनी आणि मधले बोट जिथल्या तिथे राहतात. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जाते. एकूण हालचाल इतकीच, एका बोटाची. तरीही बहुतेक शिकणारे तिन्ही बोटे हवेत उचलतात आणि पुन्हा नव्याने मांडतात, कारण व्हिडिओमध्ये प्रत्येक कॉर्ड वेगळ्या चित्रात दाखवलेली असते आणि दोन चित्रांच्या मधला प्रवास कोणी दाखवत नाही. मोबाइलवर एक मिनिटाचा गजर लावा, ए मायनर आणि सी यांच्यामध्ये जा-ये करा आणि स्वच्छ अदलाबदली किती झाल्या ते वहीत लिहा. पहिल्या दिवशी 15 झाल्या तरी चालतील. हा आकडा 40-50 च्या घरात गेला, की ती जोडी गाण्यात वापरायला तयार झाली. ही वही म्हणजे तुमच्या गैरहजर शिक्षकाचे हजेरीपुस्तक.

गाणे सलग न वाजण्याचे खरे कारण मात्र मला उजव्या हातात दिसते, आणि इथे तुमच्याकडे जे आहे ते कॉलेज रोडवरच्या वर्गांत नव्याने बसणाऱ्या पोरांकडे नसते. मंडळात टाळ धरताना अभंगाचा शब्द तुम्ही विसरलात तर टाळ थांबवता का? थांबवत नाही, शब्द मागे-पुढे होतो आणि टाळ चालू राहतो. गिटारवर तुम्ही याच्या उलट करत असणार: डावा हात नव्या कॉर्डवर पोहोचेपर्यंत उजवा हात थांबून वाट पाहत असेल. आठ मात्रांचा कहरवा मनात धरा. प्रत्येक मात्रेला हात खाली आणि दोन मात्रांच्या मध्ये वर, असा मनगटातून सैल झोका चालू ठेवा. एखादा आघात गाळायचा असेल तर हात तारांना न लावता तसाच हवेतून न्या, पण झोका मोडू देऊ नका. पहिला आठवडाभर डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून ठेवा आणि सूर न काढता केवळ ठेका वाजवा. नंतर कॉर्ड बदलताना शेवटच्या अर्ध्या मात्रेवर डावा हात उचला आणि त्या क्षणी मोकळ्या तारा वाजल्या तर वाजू द्या. ऐकणाऱ्याला त्या खटकत नाहीत. तुटलेला ठेका मात्र दारावरून जाणाऱ्यालाही कळतो.

व्हिडिओबरोबर आवाज पोहोचत नाही, कारण तो गाणारा त्याच्या पट्टीत गातो आणि तुम्ही तुमच्या. यात तुमची पेटी उपयोगी पडेल. सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, जी म्हणजे पांढरी पाच. तुमचा सा काळी एक असेल तर गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि कॉर्ड सीच्याच धरा. काळी दोन असेल तर कॅपो तिसऱ्या पडद्यावर. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंना साथ करायची असेल तर कॅपो पहिल्यावर ठेवून जीच्या कॉर्ड वाजवा. कोणतीही मोकळी तार सा धरली तर दुसऱ्या पडद्यावर शुद्ध रे, चौथ्यावर शुद्ध ग, पाचव्यावर शुद्ध म, सातव्यावर प, नवव्यावर शुद्ध ध, अकराव्यावर शुद्ध नी आणि बाराव्यावर वरचा सा मिळतो. एका तारेवर भूप वाजवून पाहा: मोकळी, दोन, चार, सात, नऊ, बारा. मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग आणि प एकदम. त्यातला ग कोमल केला की मायनर. हे एकदा हाताला कळले, की बावीस चित्रे पाठ करण्याची गरज उरत नाही.

एक सावधगिरी बाळगा: मंडळाची जुनी पेटी मोबाइलच्या ट्यूनरपेक्षा थोडी चढी किंवा उतरी असू शकते. साथीला बसताना गिटार पेटीवरून मिळवा, ट्यूनरवरून नव्हे. पेटीच्या पांढऱ्या तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन, अशा जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत सहा तारा मिळतात.

'भजनात गिटार?' असे विचारणाऱ्या बुवांना सांगा, की पेटीही युरोपातूनच आली आणि 1940 मध्ये रेडिओने तिला दार लावून घेतले होते. आज तिच्याशिवाय त्यांचे पान हलत नाही. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही, हेही खरे. रागाच्या अंगाने जाणाऱ्या अभंगाखाली कॉर्ड भरल्या की चाल गुदमरते. तिथे पूर्ण कॉर्ड न भरता फक्त सा आणि प वाजवा, तेही जाड तारांवर आणि हलक्या हाताने. गजरात मात्र मोकळेपणाने वाजवा.

वयाबद्दल घरचे जे म्हणतात, त्याला उत्तर म्हणून तुमच्याच धंद्यातला एक माणूस आठवतो. 1965 साली बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात 17 वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा होता, त्यामुळे तारा दाबणारा हात नेमका तोच होता. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली. 1928 च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावर हा माणूस उरलेल्या दोन बोटांनी वाजवत होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले आणि हलक्या तारा लावल्या. पुढे तो ब्लॅक सबाथ या रॉक बँडचा गिटारवादक म्हणून जगभर गाजला. ते संगीत तुमच्या घरी आवडेल असे मी म्हणत नाही. पण त्याने आधी बोटाचे माप घेतले आणि मग साधन बदलले, हे टूलरूममधल्या माणसाला पटावे.

शिकवणीबद्दल विचारलेत. दरमहा फी भरून आठवड्यातून दोनदा जाणे तुमच्या पाळ्यांमध्ये जमणार नाही आणि चुकलेल्या तासांची चुटपुट तेवढी लागेल. त्याऐवजी दोन महिन्यांतून एकदा, चांगल्या वाजवणाऱ्यासमोर तासभर बसा, तासाचे पैसे द्या आणि तीनच गोष्टी विचारा: माझा अंगठा कुठे आहे, माझा ठेका कुठे मोडतो आणि पुढच्या दोन महिन्यांत मी काय करू नये. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलिपी सिद्ध केली आणि उत्तरायुष्यात ते आपल्या पंचवटीत येऊन राहिले. गुरूच्या घरात बंद असलेली विद्या त्यांनी कागदावर आणि वर्गात आणली. तरी त्या वर्गात समोर ऐकणारा कान होताच. व्हिडिओ तुम्हाला दाखवतो, पण तुमचे ऐकत नाही.

मधल्या दिवसांत तो कान तुम्हीच व्हायचे आहे. दर रविवारी एकच गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत, चुका न सुधारता, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. ते लगेच ऐकू नका. सोमवारी, गिटार हातात नसताना ऐका आणि कुठे अडले ते एका ओळीत लिहा. ती ओळ म्हणजे त्या आठवड्याचा अभ्यास. व्हिडिओंची एकच मालिका निवडा आणि ती संपेपर्यंत दुसरीकडे पाहू नका. सरावासाठी रोज 20 मिनिटे पुरतात, पण ती घड्याळाला न बांधता कामावरून आल्यानंतरच्या चहाला बांधा, म्हणजे पाळी बदलली तरी सराव चुकणार नाही. गिटार पिशवीबाहेर, हाताशी ठेवा. मात्र पश्चिमेच्या उन्हात किंवा गाडीत नको. माझ्या पहिल्या गिटारचा ब्रिज मे महिन्यात बंद गाडीत एका दुपारी सुटून आला होता, आणि त्यात दोष केवळ माझा होता.

राहता राहिली रात्रीची झोपमोड. जुन्या सुती धोतराच्या किंवा पंचाच्या कापडाची बोटभर जाड घडी करा आणि ब्रिजला लागून तारांखाली सरकवा. सूर बुजतो, आवाज शेजारच्या खोलीत जाण्याइतका उरत नाही, आणि तुम्हाला मात्र ठेका, तसेच कोणते बोट नीट बसले नाही, हे दोन्ही स्पष्ट ऐकू येते. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) वापरू नका, अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवा. घडी किती जाड हवी हे एकदा तुम्ही वाजवत असताना घरातल्या कोणाला तरी दार लावून पलीकडे उभे करून ठरवा.